कुत्रं गप्प झालं तरी सावध राहा

पिसाळलेलं कुत्रं म्हणजे अंगावर धावून येणारं, अशी आपली समजूत. पण दुसरा प्रकार घरात जास्त फसवतो. रोज पायात घोटाळणारं कुत्रं एकाएकी खाटेखाली जाऊन बसतं, हाक मारली तरी येत नाही, भाकरी हुंगून सोडतं. जबडा लोंबतो, लाळ गळते. घशात हाडूक अडकलंय असं वाटून आपण तोंडात हात घालतो आणि तिथंच घात होतो. रेबीज त्या लाळेतच असतो. मांजरालाही तो होतो.

चावलं किंवा ओरखडलं तर जखम नळाखाली साबणानं 15 मिनिटं धुवा, घड्याळ बघून. चटणी, चुना, हळद भरू नका. त्याच दिवशी सीपीआरला जा. राजारामपुरीतून ते काही लांब नाही. पोटातली 14 इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. आता सुई दंडात देतात. पहिल्या सुईनंतर 3, 7 आणि 28 व्या दिवशी पुन्हा जायचं. रक्त आलं असेल तर जखमेतही औषध टोचावं लागतं. रोजगार बुडतो म्हणून शेवटची सुई चुकवू नका. एकदा लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

मुलं मार बसेल म्हणून ओरखडा लपवतात, तेव्हा न रागावता विचारा. आणि पिल्लू 3 महिन्यांचं झालं की जनावरांच्या दवाखान्यात लस टोचून आणा, पुढे दरवर्षी.