घराला कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, १ शमुवेल ४:१२-१८

नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा घातलाच पाहिजे, नाहीतर तेथून कोणी पडल्यास त्याचा दोष त्या घराला लागेल, असा नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे. त्या देशातील घरांची छपरे सपाट असत व माणसांचा वावर तेथे असे. राहाबेने जवसाच्या काड्या धाब्यावरच पसरल्या होत्या. पेत्र दोनप्रहरी प्रार्थनेसाठी धाब्यावरच गेला. म्हणून कठडा हा बांधकामाचाच भाग धरला आहे. हौस पुरवून पैसे उरले तर घालावयाची ती वस्तू नव्हे.

दुसऱ्या पाठातील एली याजक ९८ वर्षांचा होता, दृष्टी गेलेली होती. कराराच्या कोशाची वार्ता कानी पडताच तो आसनावरून मागे पडला व मान मोडून मेला. तो म्हातारा व अंगाने जड होता, हेही शास्त्र नमूद करते. शब्बाथ शाळेत आपण एलीच्या पुत्रांविषयी पुष्कळ बोलतो आणि या वाक्यावरून मात्र भरभर पुढे जातो.

नाताळापूर्वी घराला रंग काढण्याची आपल्या मंडळ्यांत जुनी रीत आहे, मग ते बेळगाव असो की इंदूर. समजा, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आहे. बैठकीच्या भिंती खरवडून पुट्टीचा एक हात झाला आहे, कपाट भलतीकडे सरकले आहे, फरशीवर प्लॅस्टिक अंथरले आहे. घरात ऐंशी वर्षांच्या आत्याबाई आहेत. तीस वर्षे त्या रात्री त्याच वाटेने मोरीकडे जातात. दिवा लावीत नाहीत. कपाटाला हात लागला की उजवीकडे वळावयाचे, एवढे त्यांना ठाऊक. कपाट हलविले म्हणजे त्यांचा दिवाच कोणी उचलून नेला! पहाटे त्या पडतात.

अशा वेळी घरचे लोक बगलेत हात घालून माणसाला उभे करू पाहतात. तसे करू नये. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेर वळले असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची ती खूण समजावी. पाय न हलविता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तेल चोळण्यात दिवस घालवू नयेत. अशा मोडीला बहुधा शस्त्रक्रिया लागते व ती एकदोन दिवसांत झालेली बरी, कारण वृद्ध माणूस निजून राहिले की फुप्फुसाला सूज येते, पाठीला जखमा होतात. ‘या वयात कापाकापी कशाला?’ असे म्हणणारा एखादा नातेवाईक असतोच. निर्णय डॉक्टरांनी प्रकृती पाहून करावयाचा; केवळ वयाकडे बोट दाखवून नकार देणे आम्हांस मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडून मरतात व त्यांत साठीपुढील लोक सर्वांत अधिक असतात.

मग रंगाचे काय? रंगाऱ्याची झालेल्या कामाची मजुरी आधी द्यावी, त्याच्याही घरी चूल आहे. बैठकीचे काम थांबवावे. जुन्या दारांचा तैलरंग तर कोरडा खरवडूच नये. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर जाऊ नये हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यापूर्वीच्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते.

उरलेले पैसे मोरीकडे वळवावेत. बसण्याच्या जागेजवळ विटांच्या भिंतीत घट्ट बसविलेली दांडी हवी. टॉवेलची दांडी माणसाचा भार घेत नाही. रात्रभर जळणारा लहानसा दिवा हवा. पाहुण्यांपैकी कोणी या कामाची वाहवा करणार नाही, हे खरे.

खाटेवरून आत्याबाई एकच विचारतात, “माझ्यापायी तुमचा नाताळ बुडाला ना रे?” येथे ‘नाही हो’ म्हणून भागत नाही. खोलीतील धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी व त्यांची खाट बैठकीतच, त्या अर्धवट भिंतीशी घालावी. कॅरल म्हणणारी मुले तेथेच येतील. केकचे ताट पहिल्यांदा तेथेच जाईल.

शिक्षकांनी हा पाठ घेतल्यावर मुलांना एक काम द्यावे. घरातील आजी-आजोबांची खाटेपासून मोरीपर्यंतची वाट त्यांना विचारून चालून पाहावी आणि पायाला काय काय लागले ते पुढच्या रविवारी लिहून आणावे. उंबरा, पायपुसणे, पंख्याची वायर, बरेच काही निघेल. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना पांढऱ्या फरशीवरील पांढरी पायरी दिसत नाही. तिच्या कडेला डब्यात उरलेल्या गडद रंगाचा पट्टा ओढावा. मोठी मुले हे काम शनिवारी दुपारी करू शकतील.