फुंकण्याआधी आणि फुंकल्यानंतर

छातीच्या दवाखान्यात श्वासाच्या तपासण्या करण्यात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. कागद हातात पडला की जो तो विचारतो, "दमा आहे की नाही, तेवढंच सांगा." तेवढंच सांगता येत नाही, ते का हे लिहिते.

१. मशीनपेक्षा फुंकणारा महत्त्वाचा. स्पायरोमेट्रीत नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीभोवती ओठ घट्ट मिटून सगळी हवा बाहेर काढायची. पहिल्या सेकंदाला सगळे जोर लावतात, तिसऱ्याला ढेपाळतात. मग मी शेजारी उभी राहून ओरडते, "अजून, अजून, थांबू नका!" बाहेर बसलेल्यांना वाटतं, आत भांडण जुंपलंय. निदान तीन प्रयत्न नीट जमावे लागतात आणि त्यातल्या चांगल्या दोनांत १५० मिलीहून जास्त फरक नको. आलेखाला मध्येच खाच पडली असेल तर समजावं, खोकला आला होता. तसल्या आकड्यावर औषध ठरवू नये.

२. नॉर्मल रिपोर्ट आला म्हणून सुटलो, असं नाही. रात्री तीनला धाप लागून उठून बसलेला माणूस सकाळी अकराला माझ्यासमोर ठणठणीत फुंकतो. अशांना डॉक्टर पीक फ्लो मीटर घरी देतात. सकाळ-संध्याकाळ, दोन आठवडे, वहीत नोंद. मोठ्या माणसात रोजचा चढउतार सरासरी १० टक्क्यांच्या वर गेला की संशय बळावतो. साधी प्लॅस्टिकची नळी, पण माझा तिच्यावर फार जीव आहे.

३. पंप घेऊन तपासणीला येऊ नये. आम्ही आधी फुंकायला लावतो, मग साल्ब्युटामॉल देऊन पंधरा मिनिटं बसवतो आणि पुन्हा फुंकायला लावतो. पहिल्या सेकंदातली हवा १२ टक्के आणि २०० मिली, दोन्हींनी वाढली तर ते दम्याच्या बाजूचं. घरूनच पंप घेऊन आलात तर वाढायला उरतं काय? साल्ब्युटामॉल चार तास आधी बंद ठेवतात, लांब पल्ल्याचे पंप त्याहून जास्त. किती ते डॉक्टरांना विचारा. मात्र धाप लागली तर पंप घ्यायचाच. तपासणी उद्या होईल.

४. फेनोचं कौतुक बेतानं करावं. यात जोर नको, एकसारखं संथ फुंकायचं. श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड मोजलं जातं. मोठ्यांत ५० च्या वर आकडा म्हणजे ॲलर्जीच्या जातीची सूज असावी. पण नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीनंही तो चढतो, पालक-बीट खाल्ल्यानं चढतो, विडी-सिगारेटनं उतरतो. काही दम्यांत तर तो वाढतच नाही.

५. न फुंकता लागलेला शिक्काही तपासावा. कॅनडात डॉक्टरांनी दमा सांगितलेल्या ६१३ प्रौढांना पुन्हा तपासलं. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. सुमारे एक तृतीयांश लोकांत दमा सापडला नाही.

६. "मुलीचं लग्न ठरतंय, दमा लिहू नका" अशी गळ घालणाऱ्या आया भेटतात. मशीन दमा लिहीतच नाही, आकडे छापतं. निदान डॉक्टर करतात, तेही खोकला कधी येतो, छातीत शिट्टी कधी वाजते हे ऐकून.

म्हणून एक विनंती: जुने कागद रद्दीत टाकू नका. त्रासाच्या दिवशीचा आणि बऱ्या दिवशीचा, दोन्ही रिपोर्ट आलेखासकट घेऊन या, आणि सकाळी पंप घेतला असेल तर खुर्चीत बसण्याआधीच सांगा.