आमच्या वेळी असं नव्हतं!

"आजकालच्या पोरांना काही येत नाही." हे वाक्य आपण आजोबांकडून ऐकलं, बाबांकडून ऐकलं, सरांकडून तर रोजच ऐकतो. गंमत म्हणजे सेकंड इयरला गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगासुद्धा फर्स्ट इयरच्या अठरा वर्षांच्या मुलाला हेच ऐकवतो! नेटवर तर विचारायलाच नको. कॅसेट, पेन्सिल, दूरदर्शन, लपाछपी... "ते दिवसच वेगळे" छापाचे मेसेज एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरतच असतात.

मित्रांनो, आठवणीत रमणं वाईट नाही. गडबड होते ती पुढच्या वाक्यात : "तुमच्या पिढीला काय कळणार!" इथे आठवण संपते आणि हिणवणं सुरू होतं. या हिणवण्यात तथ्य किती, हे जरा इंजिनिअरच्या नजरेने तपासून पाहू.

दुखणं तसं जुनंच

तरुण पिढी ऐषारामी झालीय, मोठ्यांचा मान ठेवत नाही, अशा अर्थाचं एक वाक्य सॉक्रेटिसच्या नावावर खपवलं जातं. प्रत्यक्षात ते सॉक्रेटिसचं नाहीच. केनेथ जॉन फ्रीमन या केंब्रिजच्या तरुण अभ्यासकाने जुन्या ग्रीक लोकांच्या तक्रारींचं आपल्या शब्दांत सार काढलं होतं. ते १९०७ साली पुस्तकात छापून आलं आणि पुढे कुणीतरी सॉक्रेटिसला चिकटवलं. म्हणजे वाक्य बनावट, पण तक्रार अस्सल!

प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात मात्र सॉक्रेटिस एक गोष्ट सांगतो. त्यातला इजिप्तचा राजा म्हणतो, की लिहिण्याच्या कलेमुळे माणसांची स्मरणशक्ती दुबळी होईल. आज मोबाइलबद्दल जे बोललं जातं, ते तेव्हा चक्क लिहिण्याबद्दल बोललं गेलं.

न संपलेला सप्टेंबर

आता नेटवर येऊ. वेब येण्याच्या कितीतरी आधी, १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 'यूजनेट' या जाळ्याची कल्पना काढली. विषयवार गट, त्यात लोकांनी लिहायचं आणि इतरांनी उत्तरं द्यायची. दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या कॉलेजांत नवी बॅच यायची, तिला नेट मिळायचं आणि नवखे लोक तेच ते प्रश्न विचारून जुन्या मंडळींना वैताग आणायचे. महिना-दोन महिन्यांत ही पोरं रुळायची आणि पुढच्या सप्टेंबरला तीच जुनी मंडळी म्हणून कपाळाला आठ्या घालायची. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे!

१९९३-९४ च्या सुमारास 'अमेरिका ऑनलाइन'सारख्या कंपन्यांनी सामान्य ग्राहकांनाही हे दार उघडून दिलं. आता नवखे वर्षभर येऊ लागले. तेव्हा जुन्यांनी त्या काळाला नाव दिलं, "कधीच न संपलेला सप्टेंबर". मतलब काय, तर १९९३ च्या सप्टेंबरनंतर आलेले सगळे अडाणी.

आता जरा आपल्याकडे पाहा. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमतर्फे. म्हणजे त्या हिशेबाने आपल्याकडचे जवळपास सगळेच नेटकर "सप्टेंबरनंतरचे"! "आमच्या वेळचं नेट काय सुंदर होतं" म्हणून नव्या पोरांना झापणारे दादा आणि काकासुद्धा त्यातच आले.

मोजपट्टीतला झीरो एरर

व्हर्नियर कॅलिपर वापरताना आपण आधी झीरो एरर पाहतो. उपकरणच चुकीचं असेल तर रीडिंगला अर्थ नाही. पिढ्यांची तुलना करताना आपलं उपकरण म्हणजे आपली आठवण. ते बरोबर आहे का?

२०१९ साली जॉन प्रॉट्झको आणि जोनाथन स्कूलर यांनी 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केलं. तीन हजारांहून जास्त अमेरिकन प्रौढांना विचारलं, तेव्हा एक मजेदार गोष्ट दिसली. ज्यांचं वाचन दांडगं, त्यांना वाटे आजच्या मुलांना वाचनाची आवड नाही. जे स्वतः हुशार, त्यांना मुलं कमी हुशार वाटत. म्हणजे ज्यात आपण तरबेज, नेमकं त्यातच पुढची पिढी कच्ची दिसते! कारण आज आपण जसे आहोत तसेच लहानपणीही होतो, आणि आपल्या वयाची सगळीच मुलं तशी होती, असं मन धरून चालतं. पुढे त्यांनी काही जणांना मुद्दाम खोटंच सांगितलं, की तुमचं वाचन इतरांपेक्षा कमी भरलं. झालं, त्यांची मुलांबद्दलची तक्रारही सौम्य झाली. मुलं तीच, फक्त मोजणाऱ्याचा स्वतःबद्दलचा समज बदलला.

२०२३ साली अॅडम मॅस्ट्रोयानी आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की किमान ६० देशांत लोकांना "माणसं बिघडत चालली आहेत" असं वाटतं. पण "आज तुमच्या आसपासचे लोक कसे वागतात?" असं दरवर्षी विचारलं, तर उत्तरं वर्षानुवर्षं साधारण तीच. त्यांच्या मते आजचं वाईट पटकन डोळ्यांत भरतं आणि कालचं वाईट लवकर पुसट होतं. म्हणून काल नेहमीच गोड!

मग तक्रार नेहमी खोटीच?

नाही. २०१८ साली नॉर्वेत सैन्यभरतीच्या बुद्धिचाचण्यांचा अभ्यास झाला. १९७५ च्या आसपास आणि त्यानंतर जन्मलेल्यांचे गुण खरोखर घसरलेले दिसले. पण हे कळलं ते वर्षानुवर्षं घेतलेल्या चाचणीवरून, कुणाच्या आठवणीवरून नव्हे.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. १९७२ साली एचपी-३५ हा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर ३९५ डॉलरला बाजारात आला आणि काही वर्षांतच स्लाइड रूलची सद्दी संपली. स्लाइड रूलवर आकडे मिळत, पण दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते आपणच ठरवायचं. त्यामुळे उत्तर साधारण किती यायला हवं, हा अंदाज आधी डोक्यात करावा लागे. ही सवय खरंच मोलाची, आणि बीमचं डिफ्लेक्शन चार मीटर आलं तरी निमूटपणे जर्नलमध्ये उतरवणाऱ्या आपल्याला ती हवीच आहे. पण ती "तुमची पिढी कॅल्क्युलेटरची गुलाम" म्हणून येत नाही. "आधी अंदाज कर, मग बटण दाब" असं कुणी शेजारी बसून शिकवलं तरच येते.

आपल्यापुरतं

हिणवण्याचा खरा तोटा काय? ज्युनिअर विचारायचं थांबतो. "एवढंही येत नाही?" असं चारचौघांत किंवा ग्रुपवर एकदा ऐकलं, की तो पुढचे पाच डाउट गिळून टाकतो. मग तो प्रॅक्टिकल कॉपी करतो, आणि आपण म्हणतो, "बघा, आजकालची पोरं!"

यूजनेटवरही दोन तऱ्हेची जुनी माणसं होती. एक नुसती कुरकुरणारी. दुसरी नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकत्र लिहून नवख्यांच्या हाती देणारी. एफएक्यू ही पद्धत याच दुसऱ्या मंडळींमुळे रुजली आणि आजही आपल्या कामी येते.

तेव्हा पुढच्या बॅचला "आमच्या वेळी..." ऐकवायची हुक्की आली, तर आधी झीरो एरर तपासा. आणि खरंच काही चांगलं हातून निसटतंय असं वाटलं, तर एक पान लिहून त्यांच्या हाती द्या : वर्कशॉपचा जॉब कसा करायचा, व्हायवाला काय विचारतात, कुठलं पुस्तक वाचायचं. बघा, पटतंय का!