खाऱ्या वाऱ्याला टिकणारं कुंपण

मनोरीत वाडीला कुंपण घालायचं असेल, तर आधी वारा बघा, मग विहिरीचं पाणी चाखा आणि झाड सगळ्यात शेवटी निवडा. हा क्रम उलटा झाला की काय होतं, ते आमच्या वाडीने सोसलं आहे.

घरात सगळ्यांना गुलाबाचं कुंपण हवं होतं. एका नर्सरीवाल्याने ‘देशी रानगुलाब आहे, कुठेही येतो’ असं सांगून रोपं दिली. पावसाळ्यात ती भराभर वाढली. दिवाळीनंतर पानांच्या कडा करपायला लागल्या. एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि मे सरता सरता समुद्राकडची अख्खी रांग वाळून गेली. रोग नव्हता, कीडही नव्हती. गुलाबाला मीठ सोसत नाही. मुळाशी क्षार साचले की ओल असूनही झाडाला पाणी ओढता येत नाही आणि वाऱ्याबरोबर येणारं मीठ पानं जाळतं. शिवाय ती रोपं देशी नव्हतीच. कलम बांधायला खुंट म्हणून लावतात तो मूळचा चीन-जपानकडचा मल्टिफ्लोरा गुलाब होता. भारताचे स्वतःचे रानगुलाब आहेत, पण ते मुख्यतः हिमालयाच्या उतारांवर आणि नीलगिरी-पळणीच्या उंच डोंगरांत.

आपल्याकडे कुंपणाचा मान करवंदाचा आहे. पांढरी सुवासिक फुलं, बारमाही हिरवी चिवट पानं आणि फांदीवर समोरासमोर उभे ताठ काटे. हलकी, मुरमाड, थोडी खारवट जमीन त्याला चालते. मुळाशी तुंबलेलं पाणी मात्र अजिबात चालत नाही. म्हणून सखल बाजूला आधी मातीचा बांध घाला आणि रोप त्याच्या माथ्यावर लावा.

रोपांसाठी फार धावाधाव नको. मे महिन्यात बोरिवली स्टेशनबाहेर आदिवासी बायका पानांच्या द्रोणात काळीभोर करवंदं घेऊन बसतात. तीच आणा, गर खा आणि बिया धुऊन दोन-चार दिवसांत पिशव्यांत पेरा. हे बी वाळवून ठेवलं की त्याची उगवण झपाट्याने घटते, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी पेरू’ म्हणून जपलेलं बी वाया जातं. नर्सरीतूनच घ्यायचं झालं, तर फूल किंवा फळ बघून घ्या. करवंद म्हणून कधी कधी दक्षिण आफ्रिकेतलं नेटाल प्लम गळ्यात मारतात. त्याचं फूल करवंदाच्या दुपटीहून मोठं, फळ लालभडक, प्लमसारखं आणि काटे टोकाला दुभंगलेले असतात.

रोप वर्षभर पिशवीत वाढवा आणि पुढच्या जूनमध्ये पाऊस बसला की जमिनीत लावा. दोन ओळी, एकीतलं रोप दुसरीच्या फटीसमोर, दोन रोपांत सुमारे दोन फूट. पहिल्या उन्हाळ्यात समुद्राकडून माडाच्या झावळ्यांचा आडोसा करा आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवा. पाणी मचूळ असेल तर रोज शिंपडू नका, आठवड्यातून एकदा भरपूर द्या. थोड्या पाण्याने मीठ वरच्या थरातच राहतं, भरपूर पाण्याने ते खाली उतरतं. पहिली दोन वर्षं वाढ हळू असते. तेवढ्यात धीर सोडून तारा ठोकू नका, काट्याकुट्यांच्या सुक्या वईने काम भागतं.

पुळणीला लागून असलेल्या कडेला सागरगोटा लावा. समुद्रावरच्या लाटा आणि खारा वारा ही त्याची नेहमीचीच सोबत. बी दगडासारखं टणक असतं. त्याची एक कड खरखरीत दगडावर घासून आतला भाग दिसू द्या, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. पण त्याचे आकड्यासारखे वळलेले काटे कपड्यांना आणि कातडीला धरून ओढतात. पायवाटेपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून तो लांबच हवा.

कुंपणात फट पडली की घाणेरी शिरते. रंगीत फुलं बघून कुणी ती मुद्दाम ठेवतात. तसं करू नका. ती अमेरिकेतून आलेली आहे, गुरांच्या पोटात गेली तर यकृत बिघडवते आणि करवंदाला उजेड मिळू देत नाही. नुसती वरून छाटली तर दुप्पट फुटते. जमिनीखाली दोन-तीन इंच खोदून मूळ तोडा, झुडूप उलटं करून वाळू द्या आणि मोकळ्या जागी लगेच करवंदाचं रोप लावा.

छाटणीची वेळ चुकली की वर्षाचं पीक बुडतं. करवंदाला फुलं फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. म्हणून दिवाळीत आवराआवर करताना कुंपणाला कात्री लावली, तर पुढच्या उन्हाळ्यात फुलंही नाहीत आणि फळंही नाहीत. फळं उतरली की लगेच, पहिल्या पावसाच्या तोंडावर छाटा. खालची बाजू रुंद, वरची अरुंद ठेवा, म्हणजे बुंध्यापर्यंत ऊन पोचतं आणि कुंपण खालून विरळ होत नाही. चीक पांढरा आणि चिकट असतो. हातात जाड कॅनव्हासचे मोजे घाला, कात्रीच्या पात्याला खोबरेल लावा. आणि कात्री चालवण्याआधी आतल्या फांद्या हाताने बाजूला करून बघा. बुलबुलाचं घरटं असेल, तर पिल्लं उडेपर्यंत तेवढा भाग छाटायचा नाही.