पाहुणे किती, घरं कुणाची? मोठ्या शहरांच्या नियमांमधून आपल्यासाठी धडा



आपल्या बऱ्याच गटांतल्या ताई आता पाहुण्यांना घरी उतरवतात. कुणी समुद्रकिनारी, कुणी किल्ल्याच्या पायथ्याशी, कुणी देवस्थानाच्या गावी. घरातली एखादी खोली रंगवली, संडास-बाथरूम नीट केलं, की झाला होमस्टे सुरू. चार पैसे घरात येतात, हातच्या जेवणाचं कौतुक होतं. चांगलंच आहे. पण हा धंदा बेसुमार वाढला तर काय होतं, हे काही शहरांनी आपल्या आधी भोगलंय. म्हणून या महिन्याचा पाठ परदेशातल्या चार शहरांचा.

आधी हिशोब

वही काढा. समजा, एका घराचं महिन्याचं भाडं ६,००० रुपये आहे. तेच घर पर्यटकाला रात्रीचे १,५०० रुपये घेऊन दिलं आणि महिन्यात १२ रात्री भरल्या, तर १८,००० रुपये होतात. झाडलोट, वीज, चादरी धुणं यांचा खर्च ५,००० धरला तरी १३,००० उरतात. मग मालक कायमच्या भाडेकरूला घर कशाला देईल?

एका मालकाने असं केलं तर कुणाला कळतही नाही. हजारोंनी केलं की राहायला घरं कमी पडतात आणि उरलेल्या घरांची भाडी चढतात. शिक्षिका, नर्स, हॉटेलात भांडी घासणारी बाई, सगळ्यांना लांब राहायला जावं लागतं. शेजार गेला की किराणा दुकान बंद पडतं, शाळेचा पट घटतो.

चार शहरं, चार उपाय

बार्सिलोना (स्पेन) : इथे पर्यटकांना घर द्यायचं तर परवाना लागतो. तरीही दहा वर्षांत घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली, असं महापौरांनीच सांगितलं. २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की सुमारे दहा हजार पर्यटक-घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत. त्याच उन्हाळ्यात वैतागलेल्या रहिवाशांनी मोर्चा काढला आणि पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. दुखणं अंगावर काढलं की शेवटी पाहुण्यांचाच राग येतो, तो असा.

अ‍ॅमस्टरडॅम (नेदरलँड्स) : सरसकट बंदी न घालता इथे मर्यादा घातली. स्वतःचं राहतं घर पाहुण्यांना द्यायचं तर २०१९ मध्ये वर्षाला जास्तीत जास्त ३० रात्रींची मर्यादा आली आणि एका वेळी चारच माणसं. त्यासाठी परवाना लागतो आणि प्रत्येक वेळी नगरपालिकेला आधी कळवावं लागतं. शिवाय २०२४ पासून मुक्कामाच्या दरावर १२.५ टक्के पर्यटक कर आहे.

व्हेनिस (इटली) : पाण्यावर वसलेल्या या जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती. आता ५० हजारही नाहीत. एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, नुसतं दिवसभर फिरून जाणाऱ्यांकडून ५ युरो प्रवेश शुल्क घ्यायला सुरुवात झाली. मुक्कामाला राहणारे वेगळा कर भरतात, म्हणून त्यांना ते माफ आहे. पण एवढ्याशा शुल्काने गर्दी हटत नाही, अशी टीकाही झाली.

न्यूयॉर्क (अमेरिका) : सप्टेंबर २०२३ पासून इथे कडक अंमल सुरू झाला. ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घर द्यायचं तर यजमान स्वतः तिथेच राहायला हवा, पाहुणे दोनच आणि नोंदणी सक्तीची. नोंदणी नसेल तर बुकिंग करणाऱ्या कंपनीला तो व्यवहार करता येत नाही. यावर छोटे घरमालक मात्र म्हणाले, "आम्ही एक-दोन खोल्या देऊन घराचे हप्ते भरत होतो. मोठ्यांसाठी केलेला नियम आमच्याच मानेवर बसला."

यातून आपण काय घ्यायचं?

पहिली गोष्ट. अ‍ॅमस्टरडॅम काय, न्यूयॉर्क काय, दोघांनीही एकच विचारलं, "या घरात कुणी राहतं का?" स्वतःच्या घरातली खोली देणारी ताई आणि दहा घरं घेऊन कुलपाची किल्ली फोनवरून देणारा मालक, हे दोन वेगळे धंदे आहेत. ताईच्या घरचा पैसा गावातच फिरतो. मासळीवाली, भाजीवाली, रिक्षावाला, सगळ्यांना त्यातून काम मिळतं.

दुसरी गोष्ट. नियम वेळेवर करा. बार्सिलोनाला आता हजारो परवाने बंद करायचेत आणि त्यावरून मोठं भांडण चाललंय. आपल्या गावात पाच होमस्टे असतानाच बसून ठरवणं सोपं. पन्नास झाल्यावर कोण कुणाचं ऐकणार?

तिसरी गोष्ट. ज्यांच्यावर नियम लागणार त्या छोट्या माणसाला बैठकीत बसवा. न्यूयॉर्कच्या छोट्या मालकांची तक्रार आपल्या गावात कुणी करायला नको. आणि ज्यांचा होमस्टे नाही, पण ज्यांच्या विहिरीचं पाणी कमी होतं, त्या शेजारणीलाही बोलवा.

चौथी गोष्ट. कागद नीट ठेवा. पर्यटन विभागाच्या 'न्याहरी व निवास' योजनेत नोंदणी होते. राज्याचं महिलांसाठीचं 'आई' पर्यटन धोरणही २०२३ मध्ये आलंय. दोन्हींची माहिती पर्यटन विभागाच्या कार्यालयात विचारा. पाहुण्यांची नोंदवही रोज भरा. उद्या नियम कडक झाले तर ज्यांचा कागद पक्का, त्यांचंच म्हणणं ऐकलं जातं.

बैठकीत चर्चा करा

१. आपल्या गावात पाहुणे उतरवणारी घरं किती? त्यांतल्या किती घरांत मालक स्वतः राहतात?
२. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत पाण्याचा टँकर, कचरा, रात्रीचा आवाज यांचा त्रास कुणाला होतो?
३. एका वेळी गावाला किती पाहुणे झेपतील? विहीर, रस्ता आणि गाड्या लावायची जागा पाहून आकडा काढा.
४. ग्रामसभेत मांडायचे तीन नियम कोणते?

जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा आणि ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. पाहुणा आला की आपल्याला आनंद होतो. तो आनंद टिकायचा असेल तर गाव आधी गावकऱ्यांना राहण्यासारखं राहिलं पाहिजे.