मुलांची खेळणी आवरताना भांडण का व्हावे?



नाताळची साफसफाई निघाली की बऱ्याच घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "पसारा उचल, नाहीतर सगळं भंगारवाल्याला देऊन टाकीन!" मूल रडते, आई चिडते. दुसऱ्या दिवशी मूल शाळेत गेले की एक पिशवी गुपचूप बाहेर जाते. घर आवरले जाते खरे, पण मुलाचा विश्वास जातो. आपण नसताना आपली वस्तू नाहीशी होते, हे एकदा कळले की ते प्रत्येक चिंधी आणि तुटके चाकही घट्ट धरून ठेवते.

म्हणून एक साधा नियम पाळावा : जागा किती द्यायची हे आईवडिलांनी ठरवावे, त्या जागेत काय ठेवायचे हे मुलाने ठरवावे.

मूल आवरू शकते, यावर आपला विश्वास नसतो. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. तेथे मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे होती आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. लहान मुले खेळ झाल्यावर वस्तू स्वतः जागेवर ठेवत. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी हाच विचार बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांपर्यंत नेला. तेथे शिंपले, खडे, बिया हेच साहित्य होते. मुलाला खूप वस्तू लागत नाहीत. वस्तूची जागा ठाऊक असावी लागते.

घरी असे करून पाहा :

१. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलांना वेगळी खोली नसते. पलंगाखालचे एक खोके किंवा कपाटाचा खालचा कप्पा पुरे. "एवढी जागा तुझी. यात मावेल ते तुझे," असे सांगावे.

२. एका दिवशी एकच खोके घ्यावे. मूल दमलेले वा भुकेले असताना हे काम काढू नये. आपण शेजारी बसावे. हात मात्र मुलाचे चालावेत.

३. तीन ढीग करावेत : ठेवायचे, द्यायचे, मोडीत काढायचे. दिवाळीच्या किल्ल्यावरचे धड मावळे कागदात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवावेत. मोडीतल्या खेळण्यांतले सेल आधी काढून घ्यावेत.

४. "हे देऊ की नको?" असे झाले तर ती वस्तू वेगळ्या पिशवीत ठेवून वर महिना लिहावा. तीन महिन्यांनी पुन्हा विचारावे. तोवर पिशवीला हात लावू नये.

५. एका भावंडाच्या वस्तूचा निर्णय दुसऱ्याने घेऊ नये. आजीने शिवलेली चिंध्यांची बाहुली कितीही विटली तरी मुलाला हवी असेल तर राहू द्यावी.

आता द्यायच्या ढिगाविषयी. दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगर अशा भागांतून आलेल्या या कुटुंबांसोबत लहान मुलेही असतात. गाव सुटले की अनेकांची शाळाही सुटते. आपल्या मुलाचे खेळणे तेथे कोणाच्या तरी हाती पडू शकते. मात्र चाक नसलेली गाडी देणे म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणे होय. जे आपल्या मुलाला हाती धरायला आवडेल तेच धुऊन, पुसून द्यावे. मुलाने ते स्वतःच्या हाताने द्यावे, घटकाभर त्या मुलांबरोबर खेळावे. आपण उपकार करतो आहोत असे त्याच्या मनात भरवू नये, फोटोही काढू नयेत.

आणि मुलाने आवडते खेळणे द्यायला नकार दिला तर? त्याला स्वार्थी म्हणू नये. जबरदस्तीने हातातून काढलेली वस्तू दान ठरत नाही. आज एक छोटा चेंडू मनापासून दिला तर उद्या त्याचा हात आपोआप पुढे होईल.

घरी मिळून बोला :

• आपण मोठ्यांनी वापरात नसलेल्या कोणत्या वस्तू जपून ठेवल्या आहेत? मुलांआधी आपले कपाट कधी उघडणार?
• मुलाला न विचारता त्याची एखादी वस्तू टाकली गेली होती का? त्याला तेव्हा काय वाटले?