एक कृती, पाचशे ताटे

मुलांनो, तुमची अम्मी पुलाव करते, तेव्हा ती मीठ तराजूत मोजते का? नाही. तिचा हात हेच तिचे माप. पाच माणसांसाठी ते पुरते. पण पाचशे माणसांचे जेवण करायचे असेल तर?

मोठे कारखाने, कचेऱ्या, रुग्णालये येथे रोज शेकडो माणसे जेवतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात २५० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली होती. असे जेवण पुष्कळ ठिकाणी ठेका घेतलेली कंपनी पुरवते. रोजचा स्वयंपाक तिचे आचारी करतात. पण कोणता पदार्थ कसा करायचा, हे ठरवणारा आचारी वेगळा असतो. त्याला ‘डेव्हलपमेंट शेफ’ म्हणतात.

तुम्ही म्हणाल, “त्यात काय अवघड? पाच जणांची कृती शंभराने गुणली की झाले!” चला, गुणून पाहू. माणशी १०० ग्रॅम तांदूळ धरला, तर ५०० माणसांना ५० किलो. हे बरोबर. पण पाणीही तसेच गुणले, तर भाताचा गोळा होईल. डेग मोठी असली, की पाणी त्या मानाने कमी आटते. आच बंद केल्यावरही डेग बराच वेळ गरम राहते आणि भात शिजतच राहतो. वीस किलो कांदा एकदम तेलात टाकला, तर तो लाल होत नाही. तो स्वतःच्याच पाण्यात उकडतो.

म्हणून हा आचारी पदार्थ आधी दहा ताटांपुरता करतो, मग पन्नास, मग शंभर. दर वेळी तो मोजतो, चाखतो आणि चूक वहीत लिहितो. शेवटी कृतीचा तक्ता तयार होतो. त्यात जिन्नस ग्रॅममध्ये, वेळ मिनिटांत आणि खर्च रुपयांत असतो. ताटामागे एकच रुपया जास्त गेला, तरी पाचशे ताटांमागे रोज पाचशे रुपयांचा तोटा!

पैशांपेक्षा मोठी जबाबदारी जिवाची असते. शिजवलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे लागते. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. घरचे अन्न बिघडले, तर चार माणसे आजारी पडतील, येथे पाचशे. काहींना शेंगदाणा चालत नाही. तो पोटात गेला, तर त्यांच्या जिवाला धोका होतो. भाजीत दाण्याचा कूट असेल, तर तक्त्यात तसे लिहावेच लागते.

‘थोडे मीठ’ असे लिहून येथे चालत नाही. थोडे म्हणजे किती? तक्ता वाचणारा आचारी दुसऱ्या गावात असतो. तो विचारणार कोणाला?

आज अम्मीला विचारून एक कृती मराठीत लिहा. ती मित्राला द्या. तुम्हांला काही न विचारता त्याच्या घरी तोच पदार्थ तयार झाला, तर तुमचे लिहिणे बरोबर!

शब्दार्थ
आचारी – स्वयंपाक करणारा
डेग – अन्न शिजवण्याचे मोठे भांडे
आच – विस्तवाची उष्णता
जिन्नस – पदार्थासाठी लागणाऱ्या वस्तू

प्रश्न
१. पाणी शंभराने गुणले, तर भाताचे काय होईल? का?
२. तक्त्यात शेंगदाण्याचा उल्लेख का करावा लागतो?